मनोरंजन दोन-तीन कंपन्यांच्या हातात गेल्यावर प्रेक्षकाचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा: स्टार आणि व्हायकॉम18 एकत्र झाले, पीव्हीआर आणि आयनॉक्स एकत्र झाले, झी आणि सोनीचं होता होता राहिलं. यातून साध्या प्रेक्षकाला खरंच काही फरक पडतो का? उलट दोन ॲपचे पैसे भरण्याऐवजी एकाचेच भरायचे, हे बरंच नाही का? आणि प्रेक्षक स्वतः यात काही करू शकतो का?

मी आधी वाहिन्यांच्या वितरणात आणि नंतर मराठी चित्रपटांच्या वितरणात काम केलं आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूनं येणार. फरक पडतो. फक्त लोक तो महिन्याच्या बिलात शोधतात आणि तिथे तो उशिरा दिसतो. त्याआधी तो विकत घेणाऱ्यांच्या संख्येत दिसतो. तुम्ही मालिका पाहा, चित्रपट पाहा किंवा सामना, तुमच्यापर्यंत येण्याआधी ते कोणीतरी विकत घेतलेलं असतं, कोणीतरी त्याला वेळ दिलेली असते, पडदा दिलेला असतो. ‘हो’ म्हणू शकणारे पाच जण होते ते तीन झाले, की काही गोष्टी बनतच नाहीत आणि काही बनूनही लागत नाहीत. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण आपलं काही हुकलंय याचा प्रेक्षकाला पत्ताच नसतो.

तरी बिलापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचं एक स्वच्छ उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

2018 ते 2022 या काळात आयपीएलचे टीव्ही आणि डिजिटल हक्क एकट्या स्टारकडे होते, 16,347.5 कोटींना. जून 2022 मध्ये पुढच्या पाच वर्षांचा लिलाव झाला, तेव्हा बीसीसीआयनं टीव्ही आणि डिजिटल वेगवेगळं विकलं आणि एकत्रित बोलीची सोयच ठेवली नाही. भारतातले टीव्ही हक्क डिस्ने स्टारनं 23,575 कोटींना घेतले, डिजिटल व्हायकॉम18 नं 20,500 कोटींना. सगळी पॅकेजं मिळून 48,390 कोटी झाले. म्हणजे तोच सामना दोन प्रतिस्पर्ध्यांच्या हातात आला. पुढे काय झालं ते आठवत असेल. 2023 मध्ये व्हायकॉम18 च्या जिओ सिनेमा या ॲपनं आयपीएल फुकट दाखवली. त्याला उत्तर म्हणून डिस्ने स्टारच्या हॉटस्टारनं त्याच वर्षीचा एकदिवसीय विश्वचषक मोबाइलवर फुकट केला, आणि 2024 चा टी-ट्वेंटी विश्वचषकही. एप्रिल 2024 मध्ये जिओ सिनेमानं जाहिरातींशिवायचा प्लॅन महिना 29 रुपयांत आणला (खेळ आणि लाइव्ह कार्यक्रम सोडून). त्या दोन वर्षांत प्रेक्षकाची चंगळ होती. ती कोणाच्या औदार्यानं नव्हे, दोन कंपन्या एकमेकींना थकवायला निघाल्या होत्या म्हणून.

14 नोव्हेंबर 2024 ला दोन्ही एक झाल्या. 70,352 कोटींचा व्यवहार, शंभरावर वाहिन्या, आणि ताबा रिलायन्सकडे. 14 फेब्रुवारी 2025 ला जिओ हॉटस्टार आलं. तेव्हा सुरुवातीचा मोबाइल प्लॅन तीन महिन्यांना 149 रुपये, जाहिरातींशिवायचा महिना 299 किंवा तीन महिन्यांना 499. आणि 2025 ची आयपीएल काही मिनिटं फुकट, नंतर पैसे भरा नाहीतर ठरावीक रिचार्ज मारा. 29 आणि 299 ची थेट तुलना करणं अन्यायाचं होईल, कारण नव्या ॲपवर दोन्हीकडचा साठा आहे. पण फुकट क्रिकेट संपलं ते फुकट देण्याचं कारण संपलं म्हणून.

इथे दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. ती फुकटेगिरी टिकणारी नव्हतीच. हजारो कोटींचे हक्क घेऊन सामना फुकट दाखवायचा, म्हणजे कोणीतरी तोटा सोसतंय, आणि तोटा सोसण्याची ताकद ज्याची जास्त तो शेवटी उरतो. त्यामुळे ‘विलीनीकरणानं भाव वाढवला’ एवढंच म्हणून मी थांबणार नाही. भाव कसाही वाढलाच असता. पुढच्या लिलावात काय होणार, ही मला जास्त महत्त्वाची गोष्ट वाटते. मागच्या वेळी बोली चढली कारण दोन मोठे गट समोरासमोर होते. आता ते एकाच टेबलावर एकाच बाजूला बसले आहेत. बीसीसीआयनं कितीही पॅकेजं पाडली, तरी टीव्ही आणि डिजिटल पुन्हा एकाच घरात जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग फुकटची लढाई करणार कोण?

क्रिकेटचा हा विषय सगळ्या देशाचा झाला. मराठी प्रेक्षकासाठी त्याच विलीनीकरणातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे, आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. अशी विलीनीकरणं तपासणाऱ्या स्पर्धा आयोगानं 28 ऑगस्ट 2024 ला हा व्यवहार अटींसह मंजूर केला. कंपन्यांनी सात वाहिन्या विकण्याची तयारी दाखवली होती. हंगामा आणि सुपर हंगामा, स्टार जलशा मूव्हीज आणि तिची एचडी, कलर्स सुपर, आणि कलर्स मराठी व तिची एचडी. लहान मुलांसाठीच्या वाहिन्या, बंगाली चित्रपट, कन्नड आणि मराठी. यादी नीट वाचली की आयोगानं हिशेब भाषेनुसार केला हे कळतं. देशभराच्या आकड्यांत या गटाचा वाटा कितीही असो, मराठी मालिका पाहणाऱ्या घराला तमिळ वाहिनीचा उपयोग नसतो. त्या घरासाठी बाजार म्हणजे मराठी. आणि मराठीत स्टार प्रवाह व कलर्स मराठी एकाच मालकाकडे आल्या तर काय, हा प्रश्न आयोगाला दिसला होता.

आता याला झी-सोनी जोडून पाहा. ते विलीनीकरण सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर झालं, आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये बिग मॅजिक, झी ॲक्शन आणि झी क्लासिक विकण्याच्या अटीवर परवानगी दिली, आणि 22 जानेवारी 2024 ला सोनीनं ते मोडलं. मोडलं नसतं, आणि कलर्स मराठीची अटही नसती, तर झी मराठी, सोनी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या चार मोठ्या मनोरंजन वाहिन्या दोनच मालकांच्या हातात असत्या. बाहेर उरली असती ती सन मराठी, आणि तीही चेन्नईच्या एका मोठ्या समूहाची.

चार वाहिन्या आणि दोन मालक, यात बिघडतं काय? वाहिन्या तर चारच राहिल्या, असं कोणी म्हणेल. निर्मात्याच्या जागेवर बसून पाहा. तुमच्याकडे एक मालिका आहे, जरा वेगळी. एका वाहिनीनं नाही म्हटलं तर तुम्ही दुसरीकडे जाता. दुसऱ्या वाहिनीला पहिलीला मागे टाकायचं असतं, म्हणून ती कधीकधी धोका पत्करते. 2000 च्या दशकात मराठी टीव्हीवर जे नवं झालं त्यातलं बरंचसं या भांडणातून झालं. झी मराठी तेव्हा अल्फा मराठी होती, समोर ई टीव्ही मराठी उभी राहिली, 2008 मध्ये स्टार प्रवाह आली. पुढे ई टीव्हीची कलर्स मराठी झाली, 2018 मध्ये सोनी मराठी आली. नवी वाहिनी आली की लेखकांचे, कलाकारांचे, तंत्रज्ञांचे भाव वाढतात आणि वेगळ्या विषयांना जागा मिळते. दोन वाहिन्यांचा मालक एक झाला की त्याला रात्री आठ वाजता आपल्याच दोन चांगल्या मालिका समोरासमोर लावण्यात काय फायदा? एकीवर खर्च करायचा, दुसरी स्वस्तात चालवायची. हे दुष्टपणानं होत नाही, धंद्याचं साधं गणित आहे ते.

मोठ्या जाळ्याचा आणखी एक परिणाम म्हणजे कथांची देवाणघेवाण. 2019 मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेली आणि पुढे वर्षानुवर्षं चाललेली आईची मालिका स्टार जलशाच्या बंगाली मालिकेवर बेतलेली होती. ती मराठीत उत्तम रुजली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका भाषेत चाललेली कथा दुसऱ्या चार भाषांत नेणं ज्याला शक्य आहे, तो कोऱ्या पानावरची मराठी कथा घ्यायला कमी उत्सुक असतो. पान कोरं म्हणजे धोका.

केबलचं प्रकरण थोडक्यात सांगतो. इथे प्रेक्षकाला निदान कायद्याचं संरक्षण आहे. ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमांनुसार वाहिनीच्या मालकानं मागणाऱ्या प्रत्येक वितरकाला वाहिनी द्यावीच लागते, आणि ती भेदभाव न करता, जाहीर दरपत्रकानुसार. म्हणूनच 2018 मध्ये रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांत मोठा हिस्सा घेण्याचं जाहीर केलं, तरी ‘आमच्या वाहिन्या फक्त आमच्या केबलवर’ असं होऊ शकलं नाही. फेब्रुवारी 2019 पासून एकेक वाहिनी निवडण्याचा हक्कही मिळाला. बुकेमध्ये, म्हणजे वाहिन्यांच्या एकत्रित पॅकमध्ये, घालायच्या वाहिनीची कमाल किंमत 19 रुपये ठरली, मध्ये ती 12 वर आणायचा प्रयत्न झाला, त्यावर मुंबई उच्च न्यायालयात लढाई झाली, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये ट्रायनं पुन्हा 19 केली. बुकेवरची सवलत 45 टक्क्यांपर्यंत. या सवलतीमुळे निवडीचा हक्क कागदावर राहतो, कारण एकाच घरच्या तीन-चार वाहिन्या सुट्या घेतल्या तर पूर्ण बुके त्याहून स्वस्त पडतो. मग तुम्ही बुके घेता आणि न पाहिलेल्या वाहिन्या पोसता.

आणि मोठे भांडले की मार प्रेक्षकाला बसतो. 18 फेब्रुवारी 2023 ला नव्या दरांचे करार न केलेल्या केबल कंपन्यांचे सिग्नल डिस्ने स्टार, झी आणि सोनीनं बंद केले. केबल कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार साडेचार कोटी घरांवर परिणाम झाला. आठवडाभरात मिटलं. पण ते दिवस केबलवाल्या पोरांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, करार त्यांनी केला नव्हता की मोडला नव्हता. तीन मोठे खेळाडू एका बाजूला असले की वाटाघाटी अशाच होतात.

फुकट डिशवाल्यांचा अनुभव याहून वाईट. डीडी फ्री डिश ही खेड्यापाड्यातल्या आणि शहरातल्या गरीब घरांची खरी आधाराची जागा, मासिक भाडं नाही. 1 एप्रिल 2022 पासून स्टार, झी, सोनी आणि व्हायकॉम18 या चौघांनीही आपली फुकटची हिंदी मनोरंजन वाहिनी तिथून काढून घेतली: स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, कलर्स रिश्ते. पैसे देणारी घरं फ्री डिशकडे वळत होती, हे कारण उघड होतं. मालक चार होते तरी निर्णय एकच झाला. म्हणून ‘किमान चार खेळाडू असले की स्पर्धा आहे’ हे पाठ्यपुस्तकी उत्तर मी फार मनावर घेत नाही. चौघांचं उत्पन्न एकाच विहिरीतून येत असेल तर चौघंही तिच्यावर एकच झाकण ठेवतात.

आता थिएटर. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण इथे एकवटण्याचा परिणाम सगळ्यात उघडा दिसतो आणि त्यावर सगळ्यात कमी देखरेख झाली.

2010 च्या सुमाराची मुंबई आठवा. पीव्हीआर, आयनॉक्स, फेम, सिनेमॅक्स, बिग सिनेमाज, फन सिनेमाज. आयनॉक्सनं फेम घेतलं. पीव्हीआरनं 2012 मध्ये सिनेमॅक्स घ्यायचा व्यवहार केला. फन सिनेमाज सिनेपोलिसकडे गेलं, बिग सिनेमाज कार्निव्हलकडे. मार्च 2022 मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्सनं एकत्र येण्याचं जाहीर केलं, तेव्हा एकाकडे 871 पडदे होते, दुसऱ्याकडे 675. मिळून 1,546. फेब्रुवारी 2023 पासून कंपनी एक झाली, आणि आज तिचे पडदे सतराशेच्या वर आहेत.

या विलीनीकरणाची स्पर्धा आयोगानं तपासणीच केली नाही. करायची गरज पडली नाही, कारण कोविडच्या वर्षात थिएटर बंद असल्यामुळे आयनॉक्सची उलाढाल हजार कोटींच्या कायदेशीर मर्यादेखाली होती. एका ग्राहक संघटनेनं तक्रार केली, ती सप्टेंबर 2022 मध्ये फेटाळली गेली, अपिलातही काही हाती लागलं नाही. याच आयोगानं 2016 मध्ये पीव्हीआरला दिल्लीच्या डीटी सिनेमाजचे 39 पडदे घेताना जागा न् जागा तपासून 7 पडदे वगळायला लावले होते. 39 पडद्यांसाठी एवढी बारीक चाळणी, आणि 1,546 पडदे कागदपत्रांच्या तारखेमुळे मोकळे सुटले. व्यवहाराची किंमत 2,000 कोटींच्या वर असेल तर कळवलंच पाहिजे, हा नियम सप्टेंबर 2024 मध्ये आला. गाडी गेल्यावर फाटक लावल्यासारखं झालं.

शो कसे मिळतात ते सांगतो, म्हणजे हे का महत्त्वाचं ते कळेल. शुक्रवारी चित्रपट लागणार असेल तर शोचं वाटप बहुतेक वेळा बुधवार-गुरुवारपर्यंत हलत राहतं. वितरक प्रत्येक साखळीच्या प्रोग्रॅमिंगवाल्यांशी, म्हणजे शो ठरवणाऱ्यांशी, बोलतो. मोठ्या हिंदी चित्रपटाचा वितरक आधी आपली जागा घेतो, उरलेल्यात बाकीचे. मराठीला पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाचा किंवा रात्री साडेदहाचा शो मिळाला, तर शनिवार-रविवारचे आकडे कमी येतात, आणि सोमवारी ‘आकडे नाहीत’ म्हणून शो उतरतो. कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला घरचे चौघं कसे येणार, हे कोणी विचारत नाही. आकडे खोटे नसतात. ते कोणत्या वेळचे आहेत, एवढंच त्यात दिसत नाही.

पूर्वी वितरकाच्या हातात एक साधं हत्यार होतं. ‘तुम्ही संध्याकाळचा शो देत नसाल तर समोरच्या मॉलमधला देतोय.’ हे वाक्य बोलता यायचं, कारण समोरचा मॉल दुसऱ्याचा होता. ठाण्यात, पुण्यात, नागपुरात एका साखळीतल्या माणसाला मराठी प्रेक्षकाची जाण असली, तर तो चार शो जास्त द्यायचा, ते भरायचे, आणि बाकीच्यांना झक मारत द्यावे लागायचे. आता दोन मॉलच्या पाट्या वेगळ्या असल्या तरी मालक एकच असू शकतो. चूक एकानं केली तर ती सगळीकडे होते. सिनेपोलिस, मूव्हीमॅक्स, मिराज आहेत, आणि मी त्यांचे पडदे मोजूनच योजना आखायला सांगतो. पण ज्या शहरात एकच साखळी वरचढ आहे तिथे तिचा नकार म्हणजे शहराचाच नकार.

यावर महाराष्ट्रात जे उपाय होतात ते कायद्यापेक्षा दबावाचे आहेत. 2015 मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. आधी तो संध्याकाळी 6 ते 9 होता, गदारोळ झाल्यावर दुपारी 12 ते रात्री 9 करण्यात आला. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हणायचं असेल तर प्रश्नच मिटला. जुलै 2025 मध्ये एका हिंदी प्रेमपटाची लाट आली, त्याच शुक्रवारी लागलेल्या मराठी चित्रपटाला पडदे मिळेनात, आणि राजकीय पक्षांनी मल्टिप्लेक्सना इशारे दिले. ज्याचे ओळखीचे नेते आहेत त्याला शो मिळणार आणि बाकीच्यांना नाही, याला मी व्यवस्था म्हणत नाही. मोठ्या साखळीला भाषेनुसार शो, त्यांच्या वेळा आणि ते उतरवण्याची कारणं दर महिन्याला जाहीर करायला लावा. निम्मी भांडणं तिथेच संपतील, आणि मराठी निर्मात्यांनाही आपला चित्रपट खरंच चालला नाही हे कधीकधी मान्य करावं लागेल.

एकवटणं फक्त थिएटरच्या बाजूनं होतं असंही नाही. 2009 मध्ये निर्माते-वितरकांनी एकजूट करून एप्रिल ते जून मल्टिप्लेक्सना नवे चित्रपटच दिले नव्हते. त्यातून पहिल्या आठवड्याला 50 टक्के, मग 42.5, 37.5 आणि 30 असा वाटणीचा हिशेब ठरला. दोन वर्षांनी आयोगानं 27 निर्मात्यांना प्रत्येकी एक लाख दंड केला. चित्रपट थिएटरपर्यंत पोचवणाऱ्या डिजिटल कंपन्यांचंही तेच. एप्रिल 2025 मध्ये यूएफओ मूव्हीज आणि क्यूब या दोघांना आयोगानं दंड केला, कारण भाड्यानं दिलेल्या प्रोजेक्शनच्या यंत्रांबरोबर चित्रपटही आमच्याकडूनच घ्या, अशा अटी होत्या. दंडाची रक्कम दोघांची मिळून पावणेतीन कोटींच्या आत. एवढ्या रकमेनं कोणाची झोप उडत नाही.

शेवटचा भाग ओटीटीचा. केबलवर जे ‘मागेल त्याला द्या’ आहे, ते इथे नाही. कार्यक्रम कोणत्या ॲपवर राहील, कधी गायब होईल, कोणत्या रिचार्जबरोबर मिळेल, हे पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर. 31 मार्च 2023 ला एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून एका रात्रीत गेल्या. पुढे त्या जिओ सिनेमावर आल्या, तोपर्यंत वर्षाचे पैसे भरलेला प्रेक्षक मधल्या मध्ये लटकला. आज दोन्ही ॲप एक झाल्यामुळे तसा प्रसंग कमी येईल, आणि हा एकत्र येण्याचा खरा फायदा आहे, तो मी नाकारणार नाही. फक्त त्याची दुसरी बाजू अशी की आता ॲप, त्यावरचे कार्यक्रम, क्रिकेट आणि ते ज्या मोबाइल नेटवर्कवरून तुम्ही पाहता तेही एकाच समूहाचं आहे. रिचार्जबरोबर ॲप ‘फुकट’ मिळालं की दुसऱ्या ॲपचे वेगळे पैसे भरायला हात धजत नाही. छोट्या मराठी ओटीटीचं तिथेच कंबरडं मोडतं. त्यांच्याकडे कार्यक्रम नसतात असं नाही, रिचार्ज नसतो.

आणि मराठी चित्रपटाला याचा फटका थेट बसतो. वितरणाच्या भाषेत सांगायचं तर, थिएटरच्या वाट्यातून खर्च क्वचितच निघतो, बाकीची भिस्त सॅटेलाइट (म्हणजे टीव्हीच्या) आणि डिजिटल हक्कांवर. हे हक्क घेणारे मोठे गट बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी दोन वर्षं हात आखडला की तीन ते पाच कोटींतला चित्रपट उभाच राहत नाही. मग एकीकडे फार मोठे ऐतिहासिक पट आणि दुसरीकडे पदरमोड करून केलेले छोटे चित्रपट, मधलं सगळं गायब. ‘मराठीत हल्ली आमच्यासारख्यांसाठी काही येतच नाही’ असं जे मध्यमवयीन प्रेक्षक म्हणतात, त्याचं एक मोठं कारण हे.

तुम्ही स्वतः काय करू शकता, हेही विचारलं आहे. फार नाही, पण काही. केबल किंवा डीटीएचचा पॅक वर्षातून एकदा उघडून पाहा. एका घरच्या एक-दोनच वाहिन्या पाहत असाल तर सुट्या घ्या, तीनाच्या वर गेल्या तर बहुधा बुके परवडेल. मोबाइल रिचार्जमध्ये जे ॲप मिळतं त्याचेच पैसे पुन्हा वेगळे भरत नाही ना, तेही तपासा, असं बऱ्याच घरांत चालू असतं. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने एवढंच क्रिकेट हवं असेल, तर 2007 च्या कायद्यामुळे ते दूरदर्शनला द्यावे लागतात. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसतात, खासगी केबलवरच्या दूरदर्शनवर नाही. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, साधारण दोन हजारांच्या आत. आयपीएल त्यात येत नाही. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, दूरदर्शनचे जुने कार्यक्रम पाहायचे असतील तर तिथे शोधा.

थिएटरचं सांगायचं तर मराठी चित्रपट पाहायचाच असेल तर पहिल्या शनिवार-रविवारी पाहा, आणि शक्य तर तिकीट आधी काढा. सोमवारी शो ठेवायचा की उतरवायचा हे त्या दोन दिवसांच्या आकड्यांवर ठरतं. ‘पुढच्या आठवड्यात निवांत जाऊ’ म्हणणाऱ्यांसाठी पुढच्या आठवड्यात शो नसतो. बाहेरचं खाणं थिएटर अडवू शकतं, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये तसं म्हटलं आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावंच लागतं, ते मागून घ्या. आणि केबल-डीटीएचची तक्रार असेल तर आधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर, मग तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे करा. ट्रायला पत्र लिहून थांबू नका, ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.